तेच गाणं दर दोन तासांनी

वाचकांचे प्रश्न

पुण्यातल्या एका खाजगी एफएम स्टेशनात मी अकरा वर्षं म्युझिक मॅनेजर होते. कोणतं गाणं कधी लागणार, दिवसातून किती वेळा लागणार, कशाच्या मागे लागणार, याचा लॉग रोज संध्याकाळी काढायचा, हे माझं काम. गेल्या अंकात याचा उल्लेख केला आणि रेडिओबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते.

प्रश्न : ताई, धायरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. सकाळी दहा ते रात्री आठ रेडिओ चालू असतो, स्टेशन सहसा बदलत नाही. मागच्या आठवड्यात मी मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. एकच गाणं सव्वादहाला, सव्वाबाराला, सव्वादोनला, सव्वाचारला आणि सव्वासहाला लागलं. दुसऱ्या दिवशीही हेच, याच वेळांना. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हजारो गाणी असतील ना? मग तीच तीस का? आणि तरी हेच स्टेशन शहरात पहिलं म्हणतात, ते कसं?

उत्तर : तुमच्या वहीतल्या वेळा वाचल्या आणि मला पूर्ण क्लॉक, म्हणजे तासाभरात काय कधी लागायचं याचा आराखडा, डोळ्यांसमोर दिसलं. जाहिराती आणि आरजेचं बोलणं वजा जाता तासाला साधारण बारा गाणी बसतात. त्यातल्या चार जागा ए कॅटेगरीला, म्हणजे सध्या सगळ्यात चालणाऱ्या गाण्यांना. त्या कॅटेगरीत गाणी आठ असतील, तर प्रत्येकाची पाळी दर दोन तासांनी येते. तुमच्या दहा तासांत पाच वेळा. बाकीच्या जागांपैकी चार बी कॅटेगरीच्या. तिथे वीसेक गाणी असतात, ती पाच तासांनी फिरून येतात. उरलेल्या चार जागांवर जुनी गाणी, त्यांची यादी तीन-चारशेची. म्हणजे यादीत एकूण गाणी चारशे असली तरी तुमच्या कानावर सतत आदळतात ती आठ. तुमची मोजणी अचूक आहे.

आता त्या लॉगच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेलं असतं ते बघा. कात्रजहून हिंजवडीला निघालेला एक माणूस. तो वाटेत पाऊण तास रेडिओ लावतो, त्याच्या वाट्याला आठ-नऊ गाणी येतात. त्यांतली तीन त्याच्या ओळखीची, आवडीची निघाली तर तो खूश. अनोळखी गाणं लागलं की त्याचं बोट बटणाकडे जातं, आणि पुढच्या स्टेशनवर ओळखीचं लागलेलं असेल तर तो परत येत नाही. त्याला ते गाणं सकाळी सव्वादहालाही लागलं होतं हे ठाऊकच नसतं. तो तेव्हा मीटिंगमध्ये असतो. शहरात असे श्रोते फार, तुमच्यासारखे दहा तास ऐकणारे त्या मानाने थोडे. म्हणून लहान यादीवरचं स्टेशन जास्त डोक्यांपर्यंत पोचतं, आणि जाहिरातदाराला दाखवायचा पहिला आकडा तोच असतो.

ही गोष्ट आपल्याकडे शोधली गेलेली नाही. टॉड स्टॉर्झ नावाच्या तरुणाने १९४९ साली वडिलांच्या साथीने अमेरिकेतल्या ओमाहा शहरात केओडब्ल्यूएच नावाचं लहानसं स्टेशन विकत घेतलं. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. बारमध्ये बसला असताना त्याने पाहिलं की लोक दिवसभर ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून त्याच त्या तबकड्या ऐकतात, आणि गिऱ्हाइकं गेल्यावर काम करणारी मुलगी स्वतःच्या पैशांनी पुन्हा तेच गाणं लावते. दिवसभर ऐकून कंटाळलेली असायला हवी ती. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण स्टॉर्झने स्टेशनचं काय केलं ते पक्कं आहे. त्याने यादी आखडली, खपाची गाणी पुन्हापुन्हा लावली, आणि स्टेशन शहरात वर आलं. ‘टॉप फॉर्टी’ म्हणतात तो प्रकार इथून वाढला. पुढे १९६५ मध्ये लॉस अँजेलिसच्या केएचजे स्टेशनावर बिल ड्रेक नावाच्या सल्लागाराने चाळीसही जास्त ठरवली. तीस गाणी, वर येऊ घातलेली तीन, आणि आरजेने कमी बोलायचं. काही महिन्यांत ते शहरात पहिलं झालं.

हे सगळं सांगूनही तुमची तक्रार मला खरी वाटते. रेडिओच्या मोजणीत दोन गोष्टी असतात : किती जणांनी ऐकलं आणि किती वेळ ऐकलं. लहान यादी पहिली वाढवते आणि दुसरीला कुरतडते. शिवाय तुमच्या दुकानात येणारी प्रत्येक गिऱ्हाईक माप देताना तेच स्टेशन ऐकते. एक सेट आणि दिवसाकाठी वीस-पंचवीस माणसं. किराणा दुकानं, सलून, पिठाची गिरणी, रिक्षा, सगळीकडे हेच. मी नोकरीत होते तेव्हा मीटिंगमध्ये दर वेळी हा मुद्दा काढायचे, दुपारी बारा ते चार तरी ए कॅटेगरीच्या जागा चाराच्या तीन करा म्हणून. दुपारी गाडीतले श्रोते कमी आणि दुकानातले, घरातले जास्त असतात. दोनदा मान्य झालं, दोन्ही वेळा पुढच्या तिमाहीत पुन्हा चार झाल्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. न्यूयॉर्कच्या १०१.१ वर २००५ मध्ये अचानक जुन्या गाण्यांच्या जागी ‘जॅक एफएम’ आलं. हजाराच्या वर गाणी, आरजे नाहीत, ‘आम्हाला हवं ते वाजवतो’ असं ब्रीद. दोन वर्षांत ते गेलंही. म्हणजे मोठी यादी लोकांना नकोच असते का?

उत्तर : हे उदाहरण तुम्ही काढलंत याचा मला आनंद झाला, कारण आमच्या धंद्यात यावरून अगदी उलटसुलट निष्कर्ष काढले जातात.

जॅक एफएमचा प्रकार कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये २००२ च्या अखेरीस हवेवर आला आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकाभर पसरला. तेव्हा आयपॉड नवा होता. खिशात हजार गाणी घेऊन फिरणाऱ्याला तीनशेच्या यादीत काय रस, असा विचार त्यामागे होता. तुमच्या त्या १०१.१ वर, म्हणजे डब्ल्यूसीबीएस-एफएमवर, १९७२ पासून जुनी गाणी लागत होती. ३ जून २००५ ला ती बंद करून जॅक आणलं, आणि १२ जुलै २००७ ला जुन्या गाण्यांकडे परत जावं लागलं. मधल्या काळात श्रोते घटले होते.

पण हाच जॅक लॉस अँजेलिसमध्ये मार्च २००५ मध्ये सुरू झाला आणि तिथे टिकला. यादी दोन्हीकडे तितकीच रुंद. मग फरक कशाने पडला? न्यूयॉर्कमध्ये गाण्यांबरोबर ओळखीचे आवाजही गेले. वर्षानुवर्षं सकाळी ज्यांचा आवाज ऐकत लोक चहा प्यायले, ते निवेदक एका दुपारीत हवेवरून नाहीसे झाले. त्या स्टेशनचे श्रोते यादी मोजत नव्हते. त्यांची संगत तुटली.

आणखी एक बारकावा. जॅकच्या हजारातलं जवळजवळ प्रत्येक गाणं कधीतरी गाजलेलं होतं. रॉकच्या शेजारी डिस्को लागायचं, त्यामुळे नवल वाटायचं, पण अनोळखी असं फारसं काही नव्हतंच. म्हणून यादी लहान की मोठी, या वादाला मी फार महत्त्व देत नाही. कात्रजच्या त्या माणसाचं बोट बटणाकडे जातं ते अनोळखी गाण्यामुळे. यादी मोठी केली की अनोळखी गाणी शिरण्याची शक्यता वाढते, म्हणून प्रोग्रॅमिंग हेडला मोठ्या यादीची भीती वाटते. ओळखीची गाणी हजार असतील तर हजार लावता येतात.

पण ओळख होते कशी, हा खरा प्रश्न. तो पुढच्या पत्रात आला आहे.

प्रश्न : मी नाशिकला कॉलेजमध्ये आहे. इथल्या खाजगी एफएमवर मराठी गाणी फार कमी लागतात. एका आरजेला कार्यक्रमात विचारलं तर म्हणाले, आमच्या रिसर्चमध्ये लोक हिंदीच मागतात. हे खरं असतं का?

उत्तर : रिसर्च खरा असतो. त्यातून काढलेला अर्थ मला मान्य नाही, आणि याबद्दल मी अकरा वर्षं भांडले आहे.

पद्धत अशी. आठवड्याला काही श्रोत्यांना फोन लावायचा आणि प्रत्येक गाण्याचा हुक ऐकवायचा. हुक म्हणजे सात-आठ सेकंदांचा तुकडा, बहुधा ध्रुपदाची ओळ. मग विचारायचं : ओळखीचं आहे का, आवडतं का, ऐकून कंटाळा आलाय का. कंटाळ्याला आम्ही ‘बर्न’ म्हणतो. आता तुम्हीच विचार करा. जे गाणं स्टेशनने तीन दिवसांतून एकदा, तेही रात्री अकरानंतर लावलं आहे, त्याचा आठ सेकंदांचा तुकडा ऐकून कोण काय सांगणार? ‘ओळखीचं नाही.’ मग त्याला गुण कमी, म्हणून ते यादीतून बाहेर. पुढच्या मराठी गाण्याच्या वेळी हाच निकाल दाखवून सांगायचं की मराठी चालत नाही. माझ्या स्टेशनात हे डोळ्यांदेखत दर महिन्याला घडायचं. अशा कितीतरी चांगल्या गाण्यांच्या नावापुढे मी माझ्या हाताने ‘काढले’ असं लिहिलं आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ओळख पुन्हापुन्हा ऐकण्यातून येते. १९५२ साली सरकारी रेडिओने चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आठवड्यातून एकदा, मोजकी गाणी, पुढे क्रमवारीने. वर चढणारं गाणं आठवड्यामागून आठवडे पुन्हा लागायचं. यादी तीही लहानच होती. पण दोन वेळांच्या मध्ये सात दिवस असायचे, म्हणून लोक गाण्याला कंटाळण्याऐवजी त्याची वाट बघायचे. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, आकाशवाणीने विविध भारती सुरू केली ती हे गेलेले श्रोते परत आणायला. माझ्या आईला गाणी पाठ झाली ती या दोन ठिकाणांहून. तिने रेकॉर्ड एकही विकत घेतली नव्हती.

२०१६ मध्ये ‘सैराट’ची अजय-अतुल यांची गाणी आली तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा मराठी गाणी सरळ ए कॅटेगरीत गेली, हिंदीच्या शेजारी, दर दोन-अडीच तासांनी. रिसर्चमध्ये ती हिंदीच्या बरोबरीने उभी राहिली. त्या गाण्यांचा जोर मोठा होता, हे मान्य. पण त्यानंतर मी हट्टाने एका साध्या, फारशी जाहिरात नसलेल्या मराठी गाण्यासाठी तीन आठवडे बी कॅटेगरी मागून घेतली. पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही. तिसऱ्या आठवड्यात फर्माईशीच्या फोनवर लोक ते मागू लागले. नाव माहीत नसलेले लोक ओळ गुणगुणून दाखवायचे.

म्हणून तुमच्या आरजेंना पुढच्या वेळी एवढंच विचारा : रिसर्चला जाण्याआधी ते मराठी गाणं किती वेळा आणि किती वाजता लावलं होतं?

प्रश्न : गाण्यांची रॉयल्टी महाग पडते म्हणून स्टेशनं थोडीच गाणी लावतात, असं ऐकलं. खरं का? (ठाण्याहून)

उत्तर : नाही. आधी पैसे लागायचे ते किती तास गाणी वाजवली त्यावर. २०१० च्या ऑगस्टमध्ये कॉपीराइट बोर्डाने स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाचे दोन टक्के असा दर ठरवला, तो २०२० पर्यंत होता. दोन्ही हिशोबांत तेच गाणं शंभरदा लावा की शंभर गाणी एकदा लावा, बिल तेवढंच. म्युझिक कंपनीशी करार किंवा कायद्याने मिळणारा परवानाच नसेल तर तिची गाणी लावता येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

जाता जाता, धायरीच्या ताईंच्या पत्रातली एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळांना तेच गाणं का? दोन तासांची पाळी चोवीस तासांत बरोबर बारा वेळा बसते, म्हणून गाणं रोज त्याच वेळेवर येऊन थांबतं. म्हणजे रोज सव्वाबाराला दुकानात येणारी बाई रोज तेच ऐकणार. इथे लॉग काढणाऱ्याची चूक आहे, आणि ती सुधारायला यादी मोठी करावी लागत नाही. आठाची सात गाणी केली तर पाळी पावणेदोन तासांची होते, नऊ केली तर सव्वादोनची. दोन्ही चोवीसात पुरी बसत नाहीत, त्यामुळे गाणं रोज वेगळ्या वेळेला सरकतं. ताई, तुमची ती वहीची पानं फोटो काढून स्टेशनला पाठवा. म्युझिक मॅनेजरच्या नावाने पाठवा, आरजेच्या नको. वेळा लिहिलेलं पत्र मला अकरा वर्षांत दोनदाच आलं होतं, आणि दोन्ही वेळा मी त्याच संध्याकाळी लॉग बदलला होता.