मॅक ॲड्रेस असताना आयपी आणि पोर्ट कशाला लागतात?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा मॅक ॲड्रेस असतोच, मग वरच्या लेयरना (नेटवर्किंगचं काम वाटून घेणारे एकावर एक थर) आणखी पत्ते कशाला?

मॅक ॲड्रेसवरून कार्ड कोणतं ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही. ४८ बिटांपैकी पहिल्या २४ बिटांवरून फार तर बनवणारी कंपनी समजते. लागोपाठच्या नंबरांची दोन कार्डं दोन वेगळ्या खंडांत असू शकतात. निव्वळ मॅकवर इंटरनेट चालवायचं तर राउटरला जगातल्या एकूण एक कार्डाची नोंद ठेवावी लागेल. आयपीचा सुरुवातीचा भाग नेटवर्कचा असतो, म्हणून लाखो मशीनसाठी राउटिंग टेबलात (कुठल्या नेटवर्कचं कुठे पाठवायचं याची राउटरची यादी) एक ओळ पुरते.

आता उदाहरण घ्या. लॅपटॉप १९२.१६८.१.२०, मास्क (आयपीतला नेटवर्कचा भाग किती ते सांगणारा) २५५.२५५.२५५.०, राउटर १९२.१६८.१.१ आणि सर्व्हर २०३.०.११३.१०. मास्क लावल्यावर लॅपटॉपला दिसतं की सर्व्हर आपल्या नेटवर्कमधला नाही, म्हणजे पॅकेट (डेटाचा तुकडा) राउटरकडे द्यायचं. मग तो एआरपीने (आयपीवरून मॅक शोधायची पद्धत) आपल्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना विचारतो, '१९२.१६८.१.१ कोणाचा?' राउटर आपला मॅक कळवतो. फ्रेमवर (पॅकेटभोवतीचं त्या टप्प्यापुरतं वेष्टन) डेस्टिनेशन मॅक राउटरचा लागतो, आतल्या पॅकेटवर डेस्टिनेशन आयपी मात्र सर्व्हरचाच.

खरी गोम इथे आहे: त्या पॅकेटमध्ये राउटरचा आयपी कुठेच नसतो. तो फक्त मॅक शोधण्यापुरता वापरला. परीक्षेत यावर हटकून गफलत होते. पुढचा प्रत्येक राउटर जुनी फ्रेम काढून टाकतो, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी करतो आणि पुढच्या टप्प्याची नवी फ्रेम चढवतो. मॅक दर टप्प्याला बदलतात, आयपी तेच राहतात. अपवाद नॅटचा. घरचा राउटर बाहेर जाताना सोर्स आयपी बदलतो, बऱ्याचदा सोर्स पोर्टही. त्यामुळे 'आयपी शेवटपर्यंत तोच' हे पुस्तकी वाक्य जपून वापरा.

पोर्ट १६ बिटांचा. पॅकेट मशीनपर्यंत पोचलं, पण द्यायचं कोणत्या प्रोग्रामला, एवढंच तो ठरवतो. एकाच सर्व्हरच्या ४४३ पोर्टला ब्राउझरने दोन कनेक्शन उघडली, तरी आपल्या बाजूचे तात्पुरते पोर्ट वेगळे असल्याने उत्तरांची सरमिसळ होत नाही.

आणखी दोन आकडे सहसा कोणी सांगत नाही. फ्रेममधला इथरटाइप हेक्समध्ये ०८०० असेल तर आत आयपीव्ही४ आहे. आयपी हेडरमधला प्रोटोकॉल ६ असेल तर टीसीपी, १७ असेल तर यूडीपी (आयपीच्या वरच्या लेयरचे दोन प्रोटोकॉल). यांना पत्ता म्हणत नाहीत, पण वर कोणाकडे सोपवायचं हे यांवरूनच ठरतं. फिजिकल लेयरला पत्ता नाही, तिथे नुसते सिग्नल. डोमेन नाव माणसांच्या सोयीसाठी; डीएनएस त्याचा आयपी काढून देतो.

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावून दोन-तीन वेगवेगळ्या साइट उघडून बघा. त्या साइटकडे जाणाऱ्या आयपीव्ही४ च्या पॅकेटांत डेस्टिनेशन आयपी बदलत जातील, डेस्टिनेशन मॅक मात्र दर वेळी तुमच्या राउटरचाच दिसेल.