अनुदान हातात कधी पडतं?

प्रश्न : मी गावात पापड-शेवयांचं युनिट काढणार आहे. खर्च ६ लाख. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून ३५ टक्के अनुदान मिळतं म्हणतात. ते पैसे आधी मिळाले तर मशीन घेता येईल का?

उत्तर : नाही ताई, अनुदान रोख हातात येत नाही. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ग्रामीण भागातल्या महिलेला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, म्हणजे तुमचे ३०,००० रुपये. उरलेले ५,७०,००० बँक कर्जाऊ देते. अनुदानाचे २,१०,००० तुमच्या नावे बँकेतच तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी होते, मगच रक्कम कर्जात वळती होते. तोवर हप्ते वेळेवर भरा. मध्येच युनिट बंद पडलं, तर अनुदान हातचं जातं.

प्रशिक्षण टाळू नका. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला १० दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण लागतं. ते लवकर उरका, म्हणजे अनुदानाचं काम अडणार नाही.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं : मंजुरीआधी मशीन घेऊन उत्पादन सुरू करू नका. हे ३५ टक्के अनुदान फक्त नव्या युनिटसाठी आहे. आधी कोटेशन घ्या, त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक बघून घ्या. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरू नका, ती चालत नाही. अर्ज ऑनलाइन करायचा. अडलात तर जिल्हा उद्योग केंद्रात जा.