वाचकांचे प्रश्न : वर्गणी कुणाची, आमदार कुणाचा?

प्रश्न : खर्चाची मर्यादा सगळ्या उमेदवारांना सारखीच असते. मग आमच्या समाजाचा उमेदवार पैशांपायी मागे पडतो, असे का म्हणतात? – एक वाचक, केपे

उत्तर : मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. सगळी मेख इथेच आहे. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. पक्षाने स्वतःच्या नावाने किती उधळावे, याला मात्र कायद्यात मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाला ४० 'स्टार प्रचारक' जाहीर करता येतात आणि त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही. नोंदणी आहे पण मान्यता नाही, अशा पक्षाला २० प्रचारक मिळतात. अपक्षाला ही सोयच नाही. त्याच्यासाठी कुणी बाहेरून आले तर त्या गाडीचे पेट्रोलही त्याच्याच हिशेबात धरले जाते.

आता दुसरा हिशेब पाहा. २०२२ मध्ये गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार आणि ४० मतदारसंघ होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार. २८ लाखांना भागले तर माणशी जवळजवळ ९७ रुपये होतात. महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, पण एकेका मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार. तिथे माणशी बारा-तेरा रुपयेच पडतात. म्हणजे गोव्यासारख्या लहान राज्यात कायदेशीर पैशानेसुद्धा घरोघरी पोहोचता येते. ज्याच्याकडे २८ लाख आहेत तो प्रत्येक वाड्यावर तीनदा जातो, ज्याच्याकडे दोन लाख आहेत तो एकदाच जातो. मर्यादा सारखी असली तरी ऐपत सारखी नसते.

सवलत म्हणून जे मिळते ते थोडके आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला अनामत १०,००० ऐवजी ५,००० रुपये भरावी लागते, तीही सर्वसाधारण जागेवर उभा राहिला तरी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला त्याच मतदारसंघातले दहा सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच. दहाच्या जागी बारा-तेरा जणांच्या सह्या घ्या. एखादा सूचक त्या मतदारसंघाचा मतदारच नाही असे निघाले, तर अर्ज छाननीत उडू शकतो.

प्रश्न : गावातल्या मंडळींनी मिळून आमच्या उमेदवाराला पैसे द्यायचे ठरवले आहे. माझा मुलगा दुबईत आहे, भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये. दोघांचे पैसे चालतील का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मुलाचे चालतील, भावाचे नाहीत. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. भावाने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की तो कायद्याने परदेशी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले, जन्म फोंड्यात झाला असला, तरी उमेदवाराला किंवा पक्षाला त्याचा पैसा घेता येत नाही. भावाचे पैसे मुलाच्या खात्यातून फिरवण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका, ती पळवाट नसून गुन्हा आहे.

बाकीच्यांसाठी : उमेदवाराने अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे आणि येणारा-जाणारा पैसा त्यातूनच न्यावा. एका माणसाकडून १०,००० रुपयांहून जास्त रोख घेऊ नये आणि एकाच दुकानदाराला तितक्याहून जास्त रोख देऊही नये. कुणी मांडव फुकट घालून दिला, तर तो बाजारभावाने खर्चात दाखवावा लागतो. उमेदवाराची परवानगी नसताना परस्पर बॅनर लावणारा 'हितचिंतक' स्वतः गुन्ह्यात अडकतो. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवाच. आणि देवस्थानाच्या फंडाला हात लावू नका. धार्मिक संस्थेचा पैसा राजकीय कामाला वापरण्यास १९८८ पासून कायद्याने बंदी आहे.

आयकराची सूट? पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या गोळा करून पक्षांना देणारी संस्था) बँकेतून दिलेल्या देणगीवर जुन्या करपद्धतीत ती मिळते. अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशावर नाही.

प्रश्न : निवडून आलेल्या आमदाराने खरोखर किती खर्च दाखवला, हे सामान्य माणसाला बघता येते का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : येते, आणि फार थोडे लोक बघतात. निकालापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, पडलेल्यालासुद्धा, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. तुमच्यासाठी ते कार्यालय पणजीत. एक रुपया शुल्क भरून कुणालाही तो बघता येतो आणि ठरलेले शुल्क भरून साक्षांकित प्रत घेता येते. दप्तर ठरावीक काळच ठेवतात, तेव्हा उशीर करू नका.

नोंदवहीचे तीन भाग असतात : पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्यांवर बँक. आधी पिवळी पाने उघडा, पैसा कुठून आला ते तिथे कळते. मग पांढऱ्या पानांतली सभेची तारीख घ्या आणि त्या सभेला तुम्ही पाहिलेल्या खुर्च्या आठवा. खुर्ची, जेवण, ध्वनिक्षेपक यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवतो. खर्च निरीक्षकाची माणसे तोच दर लावून स्वतःची वेगळी 'छाया नोंदवही' भरतात. दोन्हींत तफावत असेल तर उमेदवाराला नोटीस गेलेली असते. तिचे उत्तर काय दिले ते वाचा. खरी माहिती तिथे सापडते. सबळ कारणाशिवाय हिशेबच न देणाऱ्याला निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

पक्षाचा निवडणूक खर्च वेगळा असतो. विधानसभेनंतर ७५ दिवसांत पक्षाने तो आयोगाला द्यायचा असतो.

प्रश्न : निवडणूक रोखे गेले. मग आता देणगीदार कळतात का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अर्धे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने देणगीदाराचे नाव झाकणारे हे रोखे रद्द केले आणि कंपन्यांच्या देणगीवरची, आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही परत आणली. वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्याचे नाव पक्षाला आयोगाकडे द्यावे लागते, त्याखालच्यांचे नाही. काही पक्षांच्या उत्पन्नात हा बिननावाचा भाग बराच मोठा असतो, आणि 'लहान देणगीदारांचा पक्ष' म्हणून तो मिरवताही येतो.

प्रश्न : विधानसभेत आम्हा अनुसूचित जमातींना राखीव जागा केव्हा? – एक वाचक, सांगे

उत्तर : गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ मध्ये यादीत आले. मतदारसंघ मात्र २००१ च्या जनगणनेवर आखले गेले आणि त्या जनगणनेत गोव्यातल्या जमातींची संख्या ५६६ दिसत होती. म्हणून ४० पैकी एकच जागा राखीव राहिली, अनुसूचित जातींची पेडणे. २०११ च्या जनगणनेत जमातींचे लोक १,४९,२७५ भरले, म्हणजे सव्वादहा टक्के. त्या प्रमाणात चार जागा येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने यासाठी वेगळे विधेयक मंजूर केले. आधी जनगणना आयुक्तांनी जमातींची लोकसंख्या निश्चित करायची, मग निवडणूक आयोगाने मतदारसंघ आखणीचा २००८ चा आदेश बदलायचा, असा त्यातला क्रम आहे. तुमच्या संघटनेने सध्या राजपत्रावर नजर ठेवावी आणि आयोगाचा मसुदा निघालाच तर गाववार आकडे जोडून लेखी हरकत द्यावी. तोंडी निवेदनाची कुठे नोंद राहत नाही.

जागा राखीव झाली तरी तिकीट पक्षच देणार आणि प्रचाराचा पैसाही बहुतेक पक्षाचाच असणार. ज्याच्या पैशावर आमदार निवडून येतो त्याच्याविरुद्ध तो बोलत नाही, मग जागा राखीव असो वा नसो. तेव्हा समाजाने स्वतःची लहान वर्गणी, पावतीसकट आणि बँकेतून, आजपासूनच सुरू करावी. निवडणुकीच्या तोंडावर ती जमत नाही.