गावात नेट धड चालत नाही. विंडोजचा लॅपटॉप, अँड्रॉइड, आयफोन आणि शाळेतलं उबंटू यांच्यात फाइली कशा पाठवायच्या?

तुम्ही लिहिलंय की घरी विंडोजचा लॅपटॉप आहे, तुमच्याकडे अँड्रॉइड आहे, पुण्याहून आलेल्या भावाकडे आयफोन आहे आणि शाळेच्या लॅबमध्ये उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. प्रत्येक फाइल आधी गूगल ड्राइव्हवर चढवायची, मग दुसरीकडे उतरवायची, आणि रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं लोकांच्या मोबाइलमधूनच माझ्या कॉम्प्युटरवर येतं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

आधी एक गोष्ट पक्की धरा. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांमध्ये फाइल न्यायला इंटरनेट लागत नाही. दोघं एका नेटवर्कवर असले की झालं, आणि ते नेटवर्क तुमच्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट तयार करून देतो. गिऱ्हाईक हमखास विचारतात, "भाऊ, हॉटस्पॉटवरून पाठवलं तं माझं नेट किती जाईन?" फाइलीसाठी काहीच जात नाही. ती मोबाइलच्या वायफायवरून सरळ समोरच्या यंत्रात जाते, टॉवरपर्यंत पोचतच नाही. मात्र हॉटस्पॉट चालू केल्यावर मोबाइल डेटा बंद करा. तो चालू राहिला तर लॅपटॉपला नेट मिळालेलं दिसतं आणि विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवायला लागतं. दिवसाचा डेटा त्यातच संपतो. लाइन गेली तरी मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर हे काम चालतं, राउटर लागत नाही.

आता ॲप. मी लोकलसेंड वापरतो. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन या सगळ्यांवर चालतं. एवढंच एक ॲप तुमच्या चारही यंत्रांना पुरेल. फक्त ते एकदा उतरवायला नेट लागेल, ते काम तालुक्याला गेलात तेव्हा उरका. मग सगळे एका हॉटस्पॉटला जोडा, दोन्हीकडे ॲप उघडा, फाइल निवडा, समोरच्याचं नाव दाबा, त्यानं होकार दिला की फाइल निघाली. सेकंदाला चार एमबी असा साधा वेग धरला तरी एक जीबीचा व्हिडिओ चार-पाच मिनिटांत जातो. ब्लूटूथनं त्यालाच तासाभराहून जास्त लागेल, आणि आयफोन तर अँड्रॉइडकडून ब्लूटूथनं फाइल घेतच नाही.

जोडूनही लॅपटॉप दिसत नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त येते. बहुतेक वेळा कारण विंडोजचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी सोय, असतं. वायफायच्या नावावर जाऊन प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. मात्र हे स्वतःच्या हॉटस्पॉटसाठीच, एसटी स्टँडवरच्या किंवा लॉजच्या वायफायला नाही. भावाच्या आयफोनवर ॲप पहिल्यांदा ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागेल, ती दिलीच पाहिजे, आणि फाइल जाईपर्यंत स्क्रीन बंद होऊ देऊ नका.

नुसतं अँड्रॉइड ते अँड्रॉइड असेल तर फोनमधलंच क्विक शेअर बरं. पूर्वीचं निअरबाय शेअर 2024 मध्ये त्यातच मिसळलं. गावात अजून बऱ्याच फोनमध्ये शेअरइट आणि झेंडर दिसतात. जून 2020 मध्ये सरकारनं चिनी ॲपवर घातलेल्या बंदीत हे दोन्ही होते, त्यामुळे कुठून तरी आणलेली त्यांची फाइल टाकत बसू नका.

लॅबमधल्या कॉम्प्युटरना वायफाय नसेल तर केबल. अँड्रॉइड उबंटूला जोडा, फोनवरच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा, तो फोल्डरसारखा उघडतो. हे न निवडल्यास फोन फक्त चार्ज होत राहतो.

पेनड्राइव्ह वापरायचाच असेल तर तो कसा फॉरमॅट केलाय ते बघा. लग्नाचा व्हिडिओ घेऊन लोक येतात, "बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह पूरा खाली आहे, मंग काहून घेत नाही?" तो फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, आणि फॅट32 मध्ये एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग जागा कितीही असो. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीनं केला तर मॅक तो वाचतो पण त्यावर लिहीत नाही. म्हणून एक्सफॅट करा. विंडोज, मॅक आणि नवं उबंटू, तिन्ही ते वाचतात आणि लिहितात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, आधी दुसरीकडे काढून ठेवा. आणि पेनड्राइव्ह दहा दुकानांत फिरला की फोल्डरांचे शॉर्टकट करणारा व्हायरस घेऊन येतो, म्हणून मला हॉटस्पॉटच जास्त पटतो.

फाइलीच्या नावात 7/12 किंवा गट नं. 45/2 असं लिहू नका. तिरकी रेघ विंडोजमध्ये चालत नाही, अँड्रॉइड-लिनक्समध्येही नाही. 7-12 लिहा.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि पासबुकावरचे आकडे वाचता येत नाहीत. आयफोनचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नसतील तर ते एचईआयसी प्रकारचे आहेत. 2017 पासून आयफोन तसेच काढतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो जेपीजीत येतील.

शेवटचं मराठी फाइलींबद्दल, कारण तुम्ही शाळेचा उल्लेख केलाय. प्रश्नपत्रिका कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर फाइल नीट पोचूनही उबंटूवर आणि मोबाइलवर अक्षरांचा कचरा दिसेल. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट नसला की तीच बाहेर येतात. नुसतं छापायचं असेल तर ज्या कॉम्प्युटरवर टाइप केलं तिथेच पीडीएफ करून पाठवा. पुढे बदल करायचे असतील तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या, त्याचे कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात. नवीन पेपर सरळ युनिकोडमध्येच टाइप करायला गुरुजींना सांगा. काही अडलं तर कोणत्या यंत्रावर अडलं ते खाली लिहा, मी दुकान बंद केल्यावर रात्री बघतो.