‘खोटा आळ’ आणि धानाची रोवणी

दारव्ह्याकडच्या एका ताईंना चर्चच्या महिला सभेत दहा आज्ञांवर बोलायचं आहे. त्या विचारतात, ‘शेजाऱ्यावर खोटा आळ घेऊ नये’ लिहू की ‘खोटा आरोप करू नये’? आणि ही आज्ञा आठवी की नववी?

ताई, ‘खोटा आळ’ तेवढा लिहू नका. आळ खोटाच असतो. पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र, तसलाच हा प्रकार. पेपरात वाचून वाचून डोकं उठलं होतं, परवा एका पंगतीत शेजारच्या पाटावरूनही ऐकला. वरण-भात गोड लागला नाही. आरोप मात्र खरा निघू शकतो, म्हणून त्याला ‘खोटा’ जोडावं लागतं.

आता खरी गंमत. आरोपाच्या मुळाशी ‘रुह्’ धातू आहे: उगवणं, चढणं. दुसऱ्याकडून उगववलं, चढवलं की रोपण, आरोपण. धनुष्याला दोरी चढवतात तेही आरोपणच. आपलं रोप याच घरातलं, आणि भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणीसुद्धा! पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढतात एका बांधीत (बांध घातलेल्या शेतात), रोवले जातात दुसरीत. आरोपही असाच. उगवतो एकाच्या मनात, चिखल तुडवून लावला जातो दुसऱ्याच्या नावावर. माझ्या मते ज्यानं रोवणी पाहिली नाही त्याला हा शब्द कळलाच नाही.

आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी ‘आळ’सुद्धा संत्र्याच्या झाडाभोवतीच्या आळ्यातून काढतात. गुरुजी, आळं नपुंसकलिंगी, आळ पुल्लिंगी; आणि आळ्यात पाणी मुरतं म्हणून व्युत्पत्ती मुरत नाही.

ग्रीकांनी रोवणीऐवजी फेक पाहिली. बायबलच्या नव्या करारात सैतानासाठी ‘दियाबोलोस’ येतो: ‘दिया’ म्हणजे आरपार, ‘बालेइन’ म्हणजे फेकणं. शब्दाचा साधा अर्थ चहाडखोर, बदनामी करणारा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, बायकांनी चहाड्या करू नयेत म्हणताना हाच शब्द अनेकवचनात वापरलाय. (सभेत पुरुष हसले तर सांगा, दुसऱ्या पत्रात तो सगळ्याच माणसांना लावलाय.)

गोष्ट सांगायची तर नाबोथाची सांगा, १ राजे, अध्याय २१. राजाला शेजारचा द्राक्षमळा हवा, नाबोथ वडिलोपार्जित वावर देईना. राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केली म्हणून नाबोथाला दगडांनी मारलं, मळा राजाच्या घशात. धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं पाहिलेल्या बायांना यावर टीप लागणार नाही.

हो, आज्ञेचा आकडा राहिलाच. कॅथलिक आणि लूथरन ती आठवी मोजतात, बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट नववी. तुमचं चर्च कोणतं ते लिहिलं नाहीत.