‘कॅनन’ला मराठीत काय म्हणावं?

परभणीहून एकानं विचारलंय: ज्या व्हिडिओ गेममध्ये निर्णय खेळणाऱ्याच्या हातात असतात, त्यात ‘कॅनन’ शेवट, म्हणजे कथेचा खरा मानायचा शेवट, कोणता यावर पोरं भांडतात. या कॅननला ‘प्रमाण’ म्हणावं का?

शब्द तसा ओळखीतलाच. ग्रीकमध्ये ‘कॅनॉन’ म्हणजे मापाची सरळ काठी, त्याच्याही मागं बोरू. अरबीत त्याचाच ‘कानून’ झाला. निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत चालायचे, तेव्हा आपल्या आजोबांना तो रोजचा होता. कानूनगो हे आडनावही त्यावरच उभं आहे.

पण ‘प्रमाण’ मला खटकतो. एक प्रमाण म्हटलं की बाकीचं अशुद्ध ठरतं. पैठणला नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिथं ते बरोबर होतं. मूळ एकच, नकला करताना पाठ बिघडलेले. पुढं कुणी पदरची ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, असंही त्यांनी बजावून ठेवलं. (हौशी लोक गेमला जे मॉड जोडतात त्यांना नरोटी म्हणा हवं तर. काही नरोट्या ताटापेक्षा चवदार निघतात, ते सोडा.) गेममधले फाटे मात्र खुद्द कंपनीनंच फोडलेले. त्यातला एकही प्रक्षिप्त नाही.

‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड ओडिसी’त (2018) भाऊ अ‍ॅलेक्सियॉस किंवा बहीण कसांड्रा, कुणीही घेऊन खेळता येतं. पुढं त्याच मालिकेतल्या ‘व्हॅलहॅला’त पाहुणी म्हणून आली ती कसांड्राच. लातूरला शिकणारा माझा भाचा त्या दिवशी जेवता जेवता थांबला: “मामा, मी सत्तर तास अ‍ॅलेक्सियॉस खेळलो, अन् कंपनीनं धरली कसांड्रा! मग मी काय झक मारली का?”

‘धरली’. शब्द पोरानंच दिला की! कॅनन म्हणजे पुढच्या भागानं मागचं जे धरलं ते. तुमचा खेळ चुकला असं त्यात कुणी म्हणत नाही.

‘मास इफेक्ट’ या गेममालिकेत तर मागच्या भागातली जुनी सेव्ह फाईल (तुमचा जपून ठेवलेला खेळ) दिली की तुमचंच धरतात; नसेल तर दुसऱ्या भागात रेक्स हा सोबती मेलेला धरून चालतात. याला मी कॅनन म्हणणार नाही, ती नुसती सोय. ‘डॅगरफॉल’ (1996) या गेमची तऱ्हा औरच. शेवट अनेक, आणि पुढच्या भागांनी काळच दुभंगला असं सांगून सगळेच एकदम घडले म्हणून टाकलं. सगळंच धरलं! तिथं ‘प्रमाण’ लावून बघा.

तेव्हा लिहिताना ‘ग्राह्य शेवट’, बोलताना ‘धरलेला शेवट’. हेडकॅननलाही, म्हणजे खेळणाऱ्यानं आपल्यापुरतं खरं मानलेल्या कथेलाही, वेगळा शब्द नको. भाचा म्हणतोच, “आपण तर अ‍ॅलेक्सियॉसच धरतो.”