कुंदा तिकडंच खाऊन या

ताई, तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात खानापूरहून इंग्लंडातल्या लेस्टरला येताय, लेक सात वर्षांची आहे. वर्षभराचे सण इथं कसे होतात, काय खातात आणि बॅगेत काय भरू? मी बेळगावातल्या शहापूरची, इथं अकरा वर्षं झाली. जमेल तेवढं सांगते.

आधी बॅग. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, आणू नका, पेढेही नकोत. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला इथं बंदी आहे. आमच्या मामांनी दोन किलो कुंदा आणला होता, तो विमानतळावरच राहिला. मामांना रागापेक्षा वाईट वाटलं, कारण तो पहाटे रांगेत उभं राहून घेतलेला. त्यापेक्षा संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि शेंगाचटणी आणा. मिक्सरही आणा, व्होल्टेज तेच आहे, फक्त पिन बदलावी लागते.

बाकी सगळं मिळतं. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीननं आफ्रिकेतल्या युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'इकडं येऊ नका' असं कळवलं होतं. लोक आलेच, त्यात गुजराती पुष्कळ. आज बेलग्रेव्ह रोडवर हरभऱ्याची डाळ, गूळ, ज्वारीचं पीठ, सगळं त्यांच्याच दुकानात मिळतं. ज्वारीला 'जुवार' म्हणा, लगेच कळतं. पुरणाचं मात्र जपून बोला. त्यांच्या वेडमीत, म्हणजे पुरणपोळीत, तुरीची डाळ असते, आणि हरभऱ्याचं पुरण हे पुरणच नव्हे असं ऐकून घ्यावं लागतं. दसऱ्याला ते फाफडा-जिलेबी खातात. आपण सोनं देतो ते जिलेबी भरवतात, एवढाच फरक.

दिवाळीची सुट्टी नसते. वसुबारस ते भाऊबीज, सगळं शनिवार-रविवारी उरकायचं. चकलीचं तळण काढाल तेव्हा खिडकी उघडी ठेवा. पहिल्या वर्षी एळ्ळ अमावस्येला, म्हणजे आपल्या मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मी भरली वांगी आणि भाकरीचा घाट घातला होता. आजोळ बैलहोंगलकडचं, तिकडं त्या दिवशी शेतात जेवण नेऊन चरगा, म्हणजे त्यातलाच नैवेद्य, पिकावर शिंपतात. इथं शेत कुठलं? भाकरी जरा करपली नि छताला लावलेली धुराची घंटा कोकलायला लागली. शेजारची पोलिश बाई धावत आली. मी टॉवेलनं घंटेला वारा घालत होते, तिनं दार उघडून धरलं. त्या दिवशी चरगा काही शिंपला नाही, पण ती जेवून गेली. पुढं २४ डिसेंबरला तिनं आम्हाला बोलावलं. त्यांच्यात त्या रात्री मांस नसतं, बारा पदार्थ करतात आणि अनाहूत पाहुण्यासाठी एक ताट रिकामं मांडून ठेवतात. बीटचं आंबट सार होतं, आपल्या कटाच्या आमटीसारखं पातळ. माझ्या नवऱ्यानं तीनदा घेतलं.

बेळगावात कॅम्पातली मैत्रीण नाताळला कुलकुल आणि नेवऱ्या (करंज्याच) पाठवायची, मोहरमला गल्लीत गोड चोंगे यायचे, ईदला शीरखुर्मा. ताट परत देताना रिकामं द्यायचं नाही, एवढं ठाऊक असलं की इथलंही जमतं. रमजानात सोमाली शेजाऱ्यांकडून सांबूस, म्हणजे त्यांचे समोसे, येतात. ऑगस्टात कॅरिबियन लोकांचा कार्निव्हल असतो. त्यांच्या 'राइस अँड पीज'मध्ये वाटाणे नसतात, राजमा आणि नारळाचं दूध असतं. फेब्रुवारी-मार्चात पॅनकेक डे येतो. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास सुरू होण्याआधी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं, म्हणून पॅनकेक. आपल्या गटारीचीच सोज्वळ बहीण म्हणायची.

आता मुलीच्या शाळेचं नीट वाचा. आमची लेक पहिलीत असताना संक्रांतीला तीस तिळगुळ तिच्यासोबत दिले. तासाभरात शाळेतून फोन: 'डबा बाजूला ठेवलाय, येऊन घेऊन जा.' तीळ आणि शेंगदाणे, दोन्हींची काही मुलांना जीवघेणी ॲलर्जी असते. मला अपमान वाटला, खोटं कशाला सांगू? मग कळलं की इथल्या कायद्यात अशा १४ गोष्टींची यादी आहे आणि हॉटेलवाल्यांना पदार्थात त्यातलं काय आहे ते सांगावंच लागतं. गहू, दूध, शेंगदाणे, तीळ, मोहरी, काजू: आपल्या सणाच्या एका ताटात यातले सहा सहज बसतात. हिंगसुद्धा सोडू नका, बहुतेक डब्यांतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. शाळेत बहुधा खाद्यपदार्थ न देणंच बरं. आता संक्रांतीला आम्ही मुलांना पतंगाचे कागद देतो. तिळगुळ घरी बोलावून, आईबापांना आधी विचारून.

मोठ्यांच्या कार्यक्रमाला, जिथं प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा असतो, तिथं डब्यावर पदार्थात काय काय आहे याची चिठ्ठी हवीच. जैन मंडळींसाठी कांदा-लसूण नाही, बटाटा नाही तेही लिहा, ते आपल्याकडचंच वळण आहे. मुसलमान पाहुण्यांसाठी जिलेटिन (ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात) नाही ना ते बघा. शेंगापोळी नेलीत तर 'शेंगदाणे' ठळक अक्षरांत.

येताय त्या महिन्याभरातच दसरा असेल. आमच्याकडं या. फाफडा मी आणते, शेंगाचटणी तुम्ही आणा, आणि डब्यावर चिठ्ठी लावा.